पाच वॉट, चार उपनगरं

अंधेरी पश्चिमेला भवन्स कॉलेजच्या आसपासच्या गल्ल्यांतून वाट काढत गेलं की झोपड्या, चाळी आणि नव्या टॉवरांच्या दाटीत एक काळा कातळ अचानक समोर उभा राहतो. हा गिल्बर्ट हिल. उंची सुमारे ६१ मीटर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्या काळातली ही खूण. लाव्हा थंड होताना उभे दगडी खांब तयार झाले आणि एकमेकांना चिकटून राहिले. अमेरिकेत वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर नावाचा याच घडणीचा कातळ आहे, तो बघायला जगभरातून लोक येतात. आपल्या अंधेरीतल्या माणसाला गिल्बर्ट हिलचा पत्ता विचारा, तो आधी विचारेल, "तिकडे काय काम?"

माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे, त्यामुळे वर जायला पायऱ्या आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. देवळापाशी झाडलोट करणाऱ्या बाईंनी आधी पाणी विचारलं आणि मग भाच्याच्या पाठीवरच्या पिशवीकडे बघून, "फोटो काढायला आलात का?" असंही विचारलं. भाचा कडेच्या एका कोपऱ्यात गेला. पिशवीतून हातात मावेल एवढा रेडिओ काढला, त्याची आखूड अँटेना काढून अर्ध्या मीटरची लावली आणि बोलायला लागला. "सीक्यू, सीक्यू, सीक्यू..." म्हणजे 'कुणी ऐकतंय का, बोलायचंय.' मग स्वतःचं ठरावीक अक्षरांचं सांकेतिक नाव. थोडा वेळ नुसती खरखर. मग शुद्ध मराठीत उत्तर आलं, "नमस्कार, वसईहून बोलतोय. तुमचा आवाज अगदी समोर बसल्यासारखा येतोय. किती पॉवर?"

"पाच वॉट," भाचा म्हणाला.

घरात आपण लावतो तो साधा एलईडी बल्ब नऊ वॉटचा असतो. त्याच्या निम्म्याहून जरा जास्त जोरावर अंधेरीचा आवाज वसईला गेला होता. मध्ये कुठला टॉवर नाही, सिमकार्ड नाही, रिचार्ज नाही.

याला हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतलेली सामान्य माणसं स्वतःच्या रेडिओवरून एकमेकांशी बोलतात, पैशासाठी नाही, शिकण्यासाठी आणि हौसेखातर. आपल्या देशात वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ही परीक्षा देता येते. परवाना मिळाला की एक कॉलसाइन मिळतं. पहिल्या पायरीच्या परवान्याचं कॉलसाइन व्हीयू३ नं सुरू होतं, मोर्सची परीक्षाही देऊन वरची पायरी गाठली की व्हीयू२. राजीव गांधी या मंडळींपैकीच होते, त्यांचं कॉलसाइन व्हीयू२आरजी. आणि जॉर्डनचे बादशहा हुसेन यांचं कॉलसाइन होतं जेवाय१. रात्री-अपरात्री ते रेडिओवर यायचे आणि आपली ओळख नुसती 'हुसेन' अशी करून द्यायचे. पलीकडे कुणी दुकानदार असो की शाळकरी मुलगा, बोलणं बरोबरीनं व्हायचं. हे मी आमच्या आपाला म्हणजे भाच्याच्या अम्मीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "ते बादशहा होते. त्यांच्या दारात कोण जाणार होतं चौकशीला?"

आपाचं हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, आणि आमचं हे हिंडणं त्याच्यामुळेच सुरू झालं. भाचा परीक्षा पास झाला, परवाना आला, घरात मिठाई वाटली. मग त्यानं गच्चीवर अँटेना लावायची म्हटली आणि घर गप्प झालं. सोसायटीतले काय म्हणतील? शेजारी काय समजतील? उद्या शहरात कुठे काही घडलं तर पहिलं बोट कुणाच्या गच्चीकडे जाईल? आपानं आवाज न चढवता सांगितलं, "अँटेना नको. हातातलं यंत्र घे आणि बाहेर कुठे बोलायचं ते बोल. पण एकटा जायचं नाही." म्हणून खाला सोबत. बाईमाणूस बरोबर असलं की लोक कमी विचारतात, असा तिचा हिशेब.

मुंबईच्या मुस्लिम वस्त्यांत वाढलेल्या कुणाला आपाची भीती समजावून सांगावी लागत नाही. ती हवेतून आलेली नाही. पण हौशी रेडिओबद्दल मला जसजसं कळत गेलं, तसं वाटायला लागलं की या भीतीनं नेमकी चुकीची वस्तू घराबाहेर ठेवली आहे. कारण यात लपवण्यासारखं काहीच नाही. सांकेतिक किंवा गुप्त भाषेत बोलायला कायद्यानंच मनाई आहे. जे बोलाल ते उघड, आणि त्या फ्रीक्वेन्सीवर रेडिओ लावलेल्या प्रत्येकाला ऐकू जाणार. ठरावीक वेळानं स्वतःचं कॉलसाइन सांगायचं, म्हणजे नाव सांगूनच बोलायचं. धंद्याचं बोलणं नाही, गाणी नाहीत, बातम्या देणं नाही. आपल्या खिशातल्या मोबाइलवर जेवढं लपून बोलता येतं, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानंही इथे येत नाही.

गिल्बर्ट हिलवरच एक पोलीस शिपाई आले. कुणी तरी खाली सांगितलं असावं. "काय चाललंय? कुणाशी बोलतोस?" भाच्यानं रेडिओ खाली ठेवला, सलाम केला, प्लास्टिकच्या पाकिटातला परवाना पुढे केला. त्यांनी नाव वाचलं. नाव वाचल्यावर चेहऱ्यावर जो बारीक फरक पडतो तो पडला, मी पाहिला. परवान्याचा फोटो काढला, परत दिला. मग विचारलं, "आमच्या वॉकीटॉकीसारखंच आहे का हे?" भाचा म्हणाला, "तसंच साहेब, फक्त तुमची लाइन वेगळी, आमची वेगळी. आमच्यावर तुम्हाला ऐकता येईल, तुमच्यावर आम्ही बोलू शकत नाही." वसईचे गृहस्थ अजून बोलतच होते, त्यांच्या बागेतल्या केळीबद्दल. शिपायानं दोन मिनिटं ऐकलं. जाताना म्हणाले, "फार वेळ थांबू नका वर." बस, एवढंच. ना हसले, ना रागावले. भाच्यानं वहीत वेळ, फ्रीक्वेन्सी, कॉलसाइन आणि पॉवर लिहिली. अशी नोंद ठेवणं हा यातला रिवाज आहे.

आता ही वसई पाच वॉटवर कशी आली, ते सांगते, कारण पुढचा सगळा प्रवास त्याच्यावर आहे. भाचा वापरतो तो पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. आपण मोटारीत ऐकतो ते एफएम १०८ मेगाहर्ट्झला संपतं, मग विमानांचा पट्टा येतो, त्याच्या जरा पुढे हा. या लहरीची लांबी साधारण दोन मीटर, म्हणून तिला 'टू मीटर' म्हणतात. तिच्या चतुर्थांशाएवढी म्हणजे अर्ध्या मीटरच्या आसपासची अँटेना पुरते. ही लहर ढोबळमानानं नजरेसारखी सरळ जाते. जमिनीवर उभ्या माणसाच्या हातातला रेडिओ सपाट मैदानात जेमतेम पाच किलोमीटरचं क्षितिज गाठतो. तोच माणूस ६१ मीटर उंचीवर चढला की क्षितिज बत्तीस किलोमीटरवर जातं. वॉट वाढवून जे साधत नाही ते पायऱ्या चढून साधतं. पन्नास वॉटचा सेट घेऊन गल्लीत बसलेला माणूस भिंतींना ऐकवत बसतो. म्हणून ज्यांना कमी पॉवरची गोडी लागते ते टेकड्यांच्या शोधात हिंडतात, आणि मुंबईच्या उपनगरांत टेकड्या बऱ्याच आहेत. त्यांच्याकडे आपलं लक्ष नसतं, कारण त्या वस्त्यांनी झाकल्या आहेत.

अंधेरीहून घाटकोपरला आम्ही मेट्रोनं गेलो. वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो, जून २०१४ मध्ये सुरू झाली, लांबी साडेअकरा किलोमीटरच्या आत. मरोळ नाका, साकीनाका, मग असल्फा. असल्फ्याला उजवी-डावीकडे डोंगरावर चढत गेलेली घरं दिसतात, काही वर्षांपूर्वी रंगवलेली, निळी, पिवळी, गुलाबी. डब्यातले पोरं मोबाइल काढून फोटो घेतात. मला त्या रंगांकडे बघून वेगळंच आठवतं. साकीनाक्याला २६ जुलै २००५ ला डोंगर खचला आणि घरंच्या घरं दबली. त्याआधी १२ जुलै २००० ला घाटकोपरच्या आझाद नगरात तेच झालं होतं. डोंगरावरचं घर म्हणजे मोकळी हवा आणि दरवर्षीचा पावसाळा.

२६ जुलै ज्यांनी उपनगरांत काढला त्यांना तारखेपुढे साल सांगावं लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी कुर्ला-कलिन्यात घरांत शिरली. आमच्या घरातली दोन माणसं बाहेर होती. एक दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आला, दुसऱ्याची खबर तिसऱ्या दिवशी लागली. मशिदींनी दारं उघडली, मजल्यांवर माणसं झोपवली, देगा चढल्या, कोण कुठला हे कुणी विचारलं नाही. पण त्या रात्री सगळ्यांना सतावत होता एकच प्रश्न: आपलं माणूस कुठे आहे? आणि नेमके तेव्हाच मोबाइल मुके झाले होते. याला गूढ कारण नव्हतं. पाण्यामुळे वीज बंद ठेवावी लागली, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपल्या, जे टॉवर चालू होते त्यांच्यावर साऱ्या शहरानं एकदम हाका मारल्या. मोबाइल दिसायला बिनतारी, पण त्याच्या मागे तारा, वीज, यंत्रं, इमारती असं मोठं लटांबर असतं. त्यातलं एक काही कोसळलं की हातातला फोन म्हणजे घड्याळ.

दोन रेडिओंच्या मध्ये असं काही नसतं. असल्फ्याच्या वरच्या घरातला एक माणूस आणि घाटकोपर स्टेशनजवळच्या गच्चीवरचा दुसरा, दोघांच्या बॅटऱ्या भरलेल्या असल्या तर बोलणं होतं. भाच्यानं ते करून दाखवलं. त्याचा एक दोस्त स्टेशनच्या बाजूला गच्चीवर, आणि आम्ही असल्फ्याच्या पायऱ्यांवर, एका चहाच्या टपरीपाशी. पॉवर पाचावरून एक वॉटवर आणली, मग अर्ध्यावर. काही फरक नाही. टपरीवाले चाचा म्हणाले, "आमच्याकडे पावसात लाइट जाते तेव्हा हे चालेल?" चालेल. फक्त परवाना हवा, आणि पलीकडे ऐकणारा हवा.

हे नुसतं मनातलं चित्र नाही. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम बाई आपल्या पथकासह पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून हौशी रेडिओ चालवण्याची दुर्मीळ परवानगी मिळवून त्या जगभरातल्या लोकांशी बोलत होत्या. त्या सकाळी जमीन हलली, आणि हौसेसाठी नेलेली तीच यंत्रं बेटांची खबर मुख्य भूमीला देऊ लागली. भूजच्या २००१ च्या भूकंपात आणि त्याआधी १९९३ ला किल्लारीच्या भूकंपातही हौशी मंडळी आपापले सेट घेऊन पोहोचली होती. एरवी दुसऱ्याचे निरोप पोहोचवायला हॅमला परवानगी नसते. आपत्तीत ती मुभा मिळते. खिदमत-ए-खल्क म्हणजे पाकिटातून पैसे काढणं, रांगेत उभं राहून खाणं वाटणं, हे आपल्याला चांगलं जमतं. डोंगरउतारावरच्या प्रत्येक मोहल्ल्यात परवाना घेतलेली दोन-तीन मुलं-मुली असणं हीसुद्धा खिदमतच आहे, आणि ती आपण अजून आपल्या यादीत धरलेली नाही. मुली मी मुद्दाम म्हणते. घरात बसून, गच्चीवरून करता येणारं हे काम आहे, आणि अंदमानात ते एका बाईनं करून दाखवलं आहे.

घाटकोपरहून मुलुंडला लोकल. वाटेत कांजूरमार्ग येतं, तिथून पवईच्या आयआयटीला जातात. तिथल्या विद्यार्थ्यांनी 'प्रथम' नावाचा छोटा उपग्रह बनवला होता, दहा किलोच्या आसपास वजनाचा. २६ सप्टेंबर २०१६ ला तो श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची खूण देणारी लहर १४५.९८ मेगाहर्ट्झवर होती, म्हणजे भाच्याच्या हातातल्या रेडिओच्याच पट्ट्यात. अंतराळ स्थानकही याच पट्ट्यावर, १४५.८०० वर, हौशी लोकांशी बोलतं. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्लांनी तिथून आपल्या शाळकरी मुलांशी गप्पा मारल्या त्या हॅम रेडिओवरच. चारशे किलोमीटर वरचा माणूस हातातल्या रेडिओवर ऐकू येतो आणि बारा किलोमीटरवरचा येत नाही, ही गंमत मला मुलुंडला कळली.

मुलुंड पश्चिमेला, कॉलनीच्या मागे, डोंगर सुरू होतो. तोच पुढे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. थोडं चढून मागे वळलं की पूर्व उघडते: रेल्वेचे रूळ, मिठागरं, ठाण्याची खाडी, ऐरोलीचा पूल, पलीकडे पारसिकची रांग. हवा स्वच्छ असेल तर त्या रांगेमागे मलंगगडाचा माथा ओळखता येतो. हाजी मलंगच्या उरुसाला लहानपणी गेलेल्यांना तो लांबूनही कळतो. आम्ही तिथून पाच वॉटवर बोलावलं तर ऐरोली आली, वाशी आली, पनवेलजवळचे एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आले. त्यांनी भाच्याचं नाव विचारलं, ऐकलं, आणि "वालेकुम" म्हणून पुढचा प्रश्न विचारला, "अँटेना घरी बनवलीस का?" सलाम भाच्यानं केला नव्हता, पण जबाब आधीच आला होता. निरोप घेताना ते "सेव्हन्टी थ्री" म्हणाले. ७३ म्हणजे 'शुभेच्छा', तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला आकडा. आपल्याकडे रिक्षाच्या काचेवर ७८६ दिसला की जसं मनाला ओळखीचं वाटतं, तसं या मंडळींना ७३ ऐकून वाटतं.

मग भाचा पश्चिमेला तोंड करून उभा राहिला. बोरिवलीत त्याचा एक ओळखीचा हॅम ठरलेल्या वेळी ऐकत बसला होता. मुलुंड ते बोरिवली, पक्षी उडाला तर बारा-एक किलोमीटर. दहा वेळा हाक मारली. काही नाही. मध्ये अख्खा डोंगर उभा आहे, त्याचा सर्वांत उंच माथा जांभूळमाळ, ४६८ मीटर, मुंबईतली सगळ्यात उंच जागा. रस्त्यानंही तसंच आहे, मुलुंडचा माणूस बोरिवलीला जायचा तर डोंगराला वळसा घालतो. आता डोंगराखालून बोगदे खणायचं काम चालू आहे. रेडिओवाल्यांचा बोगदा वरून जातो: उंच जागी एक रिपीटर बसवतात, तो एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर तेच मोठ्यानं बोलतो. दोन उपनगरांना एकमेकांचं तोंड दिसत नसलं तरी दोघांनाही तो दिसतो. भाचा मात्र रिपीटर वापरायला तयार नव्हता. "खाला, त्यात माझ्या पाच वॉटचं काय?" हा हट्ट मला आवडला, पण पाय दुखत होते.

बोरिवलीला आम्ही दुसऱ्या आठवड्यात गेलो. स्टेशनच्या पश्चिमेला गोराई रोडवर केंद्र सरकारचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन आहे. आकाशात कोण कुठल्या फ्रीक्वेन्सीवर बोलतं, परवान्यानं बोलतं की विनापरवाना, यावर कान ठेवणारी ही जागा. मुंबईतली हौशी रेडिओची परीक्षाही इथेच होते. भाचा इथेच बसला होता. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. जे खातं ऐकतं, तेच परवाना देतं. अर्ज 'सरल संचार' या सरकारी संकेतस्थळावर करायचा. प्रश्न दोन प्रकारचे: रेडिओ कसा चालतो, आणि नियम काय. दहावीचं विज्ञान नीट केलेल्या मुलाला दोन-तीन महिन्यांच्या अभ्यासात जमावं. मग कागदपत्रांची तपासणी होते, त्याला वेळ लागतो, सब्र ठेवावा लागतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. परवाना हाती येईपर्यंत असा सेट घेऊ नये. बाजारात, विशेषतः ऑनलाइन, स्वस्त चिनी वॉकीटॉकी खेळण्यासारखे विकले जात होते. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं त्या विक्रीवर कडक नियम आणले, ते बरंच झालं. ४४६ मेगाहर्ट्झच्या एका छोट्या पट्ट्यात अर्ध्या वॉटपर्यंतचे सेट बिनपरवाना चालतात, मुलांना गोडी लावायला तेवढे पुरे. बाकी सगळं परीक्षेनंतर. कायदा सगळ्यांना सारखा आहे, पण चौकशीचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. आपल्या मुलांच्या पाकिटात कागद पक्का असलेला बरा.

गोराईच्या जेट्टीवरून होडी पकडली. खाडी ओलांडली की पॅगोड्याचा सोनेरी घुमट, मग ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं गोराई गाव, मग किनारा. एप्रिलची संध्याकाळ होती, हवा जड आणि स्थिर. ही जागा उंच नाही. मग इथे कशाला? तर समोर अडवायला काहीच नाही म्हणून, आणि एप्रिल आहे म्हणून.

पावसाळ्याआधीच्या महिन्यांत अरबी समुद्रावर एक चमत्कारिक गोष्ट घडते. जमिनीवरची, वाळवंटावरची कोरडी गरम हवा समुद्रालगतच्या दमट, थंड हवेवर गालिच्यासारखी पसरते. सरळ जाऊन आकाशात निघून जाणारी लहर या दोन थरांच्या मध्ये सापडली की वाकत वाकत पाण्याला धरून जाते, शेकडो किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या किनाऱ्यावर २०० मेगाहर्ट्झचा रडार होता. त्याच्या पडद्यावर कधी कधी हजार मैलांहून लांबचा अरबस्तानचा किनारा उमटायचा. यंत्राच्या ताकदीत ते बसत नव्हतं, ती हवेची करामत होती. नैर्ऋत्य मोसमी वारा सुटला की सगळे थर ढवळून निघतात आणि दार बंद होतं.

मस्कत इथून सुमारे १,५७० किलोमीटर. कोकणातल्या किती घरांचा एक माणूस त्या किनाऱ्यावर राहिला असेल! आमचे मामू १९७९ ला गेले. पत्र यायला तीन आठवडे, ट्रंक कॉलसाठी शेजारच्या दुकानात रात्रभर बसायचं, मग कॅसेटी आल्या, त्यात आवाज भरून पाठवायचे. अम्मी ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावायची आणि मध्येच उत्तर द्यायची, जणू ते समोर आहेत. आता व्हिडिओ कॉल फुकट आहे आणि बोलायला फारसं काही उरलेलं नाही, ते वेगळं. भाच्याला मामूंची गोष्ट माहीत होती. त्यानं पीव्हीसीच्या नळीवर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे लावून दिशा धरणारी अँटेना केली होती, लॅमिंग्टन रोडवरून फक्त एक जोडणी विकत आणली, बाकी घरातलं सामान. दिशा शोधायला त्यानं होकायंत्र काढलं. मी म्हटलं, किब्ला माहीत आहे ना, त्याच्या जरा उजवीकडे धर. हिशेब बरोबर निघाला. मुंबईहून काबा पश्चिमेच्या दहा अंश उत्तरेला, मस्कत त्याच्याही दहा-अकरा अंश पलीकडे.

तासभर हाका मारल्या. विरारचा एक मुलगा आला, त्याला गोराईच्या मासळीचे भाव हवे होते. डहाणूच्या बाजूचा एक आवाज आला, वर आला, विरघळला. समुद्राकडून काही नाही. भाच्यानं सांगितलं, जेवाय१ च्या नावाचा एक उपग्रह आहे, बादशहा हुसेन यांच्या आठवणीत जॉर्डननं बनवलेला, ३ डिसेंबर २०१८ ला सोडलेला, आणि तोही याच पट्ट्यात १४५.८४० वर खाली बोलायचा. मग तो पुन्हा हाक मारायला लागला. बोलताना त्याचा आवाज घरातल्यापेक्षा मोठा आणि मोकळा असतो, हे मला त्या दिवशी जाणवलं.

सूर्य पाण्याला टेकला. त्यानं अँटेनेची काठी वाळूत घट्ट रोवली, थोडी डावीकडे वळवून, आणि आम्ही तिचाच सुतरा करून मगरिब पढलो. रेडिओ वाळूवर चालूच होता, आवाज अगदी बारीक केलेला. सलाम फेरल्यावर त्यानं वही उघडली. वेळ १९:०८. पॉवर पाच वॉट. दिशा मस्कत. उत्तर नाही. मग घाईघाईनं सामान आवरलं, कारण शेवटच्या होडीच्या आधीची होडी आपाला कबूल केलेली होती.